परग्रंथ आणि अनुज्ञा : संत एकनाथांच्या चरित्राचा एक विचार

दुसऱ्याचा ग्रंथ आपल्या ग्रंथात आणावयाचा, तर कोणाची अनुज्ञा घ्यावयाची, हा प्रश्न आज बहुधा कायद्याच्या भाषेत विचारला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर काही काळ राखला आहे. ही मृत्यूनंतरची मुदत आधी पन्नास वर्षांची होती, १९९२ मध्ये ती साठ वर्षांची झाली. परंतु कायदा नव्हता तेव्हाही प्रश्न होता. ग्रंथ कोणाचा, त्याला हात लावण्याचा अधिकार कोणाला, भर घालणाऱ्याने आपली भर कोठवर न्यावी आणि कोठे थांबावे, या गोष्टींचा विचार मराठीत सोळाव्या शतकातच झालेला दिसतो. तो सिद्धांताच्या रूपाने झालेला नाही. एका ग्रंथकाराच्या आयुष्यक्रमातून तो उलगडला आहे. हा ग्रंथकार म्हणजे पैठणचे संत एकनाथ. नाथांचे बहुतेक मोठे ग्रंथ परग्रंथावर उभे आहेत. त्यामुळे त्यांचे चरित्र अनुज्ञेच्या दृष्टीने वाचणे हे त्यांच्या वाङ्मयप्रकृतीला धरूनच होईल.

१. पैठण आणि देवगिरी

आजच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातील गोदाकाठचे पैठण हे नाथांचे जन्मगाव. त्यांच्या जन्मशकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तथापि इ.स. १५३३ हे वर्ष सामान्यतः स्वीकारले जाते. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. विजयनगरास गेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरपुरास परत आणली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. आईवडील, रुक्मिणी आणि सूर्यनारायण, नाथांच्या बालपणीच वारले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाचा सांभाळ केला. पैठण हे धर्मनिर्णय देणाऱ्या शास्त्री-पंडितांचे क्षेत्र. कोणत्या विद्येवर कोणाचा अधिकार, याची चर्चा जेथे नित्य चाले, त्या गावात हा मुलगा वाढला, ही गोष्ट पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बाराव्या वर्षाच्या सुमारास नाथांनी घर सोडले आणि देवगिरीचा किल्ला गाठला, असे चरित्रकार सांगतात. निजामशाहीच्या अमलात या किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडे होता. स्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे, दत्तोपासक आणि राजकारभारात मुरलेले गृहस्थ. नाथांनी त्यांच्याजवळ सहा वर्षे काढली. शास्त्राभ्यास आणि उपासना यांबरोबर हिशेबाचे कामही त्यांच्याकडे आले. एका अधेल्याची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्रभर वह्या धुंडाळल्या, ही कथा सर्वपरिचित आहे. एकाग्रतेचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते. पुढे पाठभेदांची पारख करणाऱ्या संपादकाची पहिली उमेदवारी म्हणूनही ती वाचता येते. जमाखर्चात दुसऱ्याचे द्रव्य दुसऱ्याच्याच नावावर राहिले पाहिजे. ग्रंथव्यवहारातही नाथांनी हीच शिस्त पाळण्याचा यत्न केला.

देवगिरीच्या परिसरातील शूलिभंजन येथे अनुष्ठान झाल्यावर गुरुशिष्य तीर्थयात्रेस निघाले. या यात्रेत नाथांना चंद्रभट नावाच्या ब्राह्मणाच्या मुखातून चतुःश्लोकी भागवताचे निरूपण ऐकावयास मिळाले. भागवताच्या द्वितीय स्कंधातील या चार श्लोकांवर मराठीत ग्रंथ रचावा, अशी आज्ञा जनार्दनस्वामींनी त्र्यंबकेश्वरी केली. नाथांच्या ग्रंथलेखनाचा आरंभ असा अनुज्ञेने झाला. मूळ ग्रंथ व्यासांचा, व्याख्यान चंद्रभटाचे, आज्ञा गुरूची आणि ओवी आपली, असे चार पदर या पहिल्याच रचनेत आहेत. अभंगांतून येणारी एका जनार्दनी ही नाममुद्रा याच दृष्टीने पाहिली पाहिजे. तीत कवीचे नाव गुरूच्या नावाला जोडूनच उमटते. रचनेखाली सही करतानाच ऋणाची नोंद करण्याची ही पद्धत आहे. एखाद्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एकदाच आभार मानून मोकळे होण्यापेक्षा ती अधिक बांधील आहे.

२. काशीचा निर्णय

यात्रेनंतर नाथ पैठणास परतले आणि त्यांचा गिरिजाबाईंशी विवाह झाला. गृहस्थाश्रम, नित्य कीर्तन-पुराण आणि लेखन असा त्यांचा क्रम सुरू झाला. भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका त्यांनी पैठणला आरंभिली. या स्कंधाचे एकतीस अध्याय आणि सुमारे साडेतेराशे श्लोक आहेत. नाथांची टीका सुमारे १८,८०० ओव्यांची झाली. श्रीधरस्वामींच्या संस्कृत टीकेचा आधार त्यांनी घेतला आणि ज्ञानेश्वरांची निरूपणपद्धती डोळ्यांपुढे ठेवली.

ग्रंथ अपुरा असतानाच त्याच्या पहिल्या दोन अध्यायांची प्रत काशीस पोचली आणि तेथे ती वाचली जाऊ लागली, असे परंपरा सांगते. ही घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथकाराचा आपल्या ग्रंथावरील ताबा पहिली प्रत दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंतच असे. ज्याला ग्रंथ आवडे तो नक्कल करून घेई. आणि त्याला ग्रंथकाराची परवानगी लागत नसे. पूर्ण न झालेला ग्रंथ असा हातोहात परगावी गेला आणि त्याचा जाब मात्र ग्रंथकाराला द्यावा लागला. व्यासांचे भागवत प्राकृतात आणण्याचा अधिकार पैठणच्या या ब्राह्मणाला कोणी दिला, असा तेथील संन्यासी महंताचा आक्षेप होता. नाथांना काशीस बोलावण्यात आले. महंत त्यांचे मुखही पाहावयास तयार नव्हता, म्हणून मध्ये पडदा धरून संवाद झाला, अशी कथा आहे. नाथांचे निरूपण ऐकल्यावर विरोध मावळला आणि उरलेला ग्रंथ काशीतच पूर्ण करावा, असे ठरले. ग्रंथ सिद्ध झाल्यावर काहींनी तो गंगेत टाकला, गंगेने तो वर धरला आणि मग त्याची मिरवणूक निघाली, हा या कथेचा उत्तरभाग होय.

या हकिकतीचे आधार उत्तरकालीन आहेत. महिपतींचा भक्तविजय १७६२ चा आणि भक्तलीलामृत १७७४ चे, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे दोन शतकांनी झालेले आहे. गंगेने ग्रंथ तारल्याची कथा श्रद्धेच्या प्रांतातली आहे. परंतु ग्रंथाची अंतर्गत साक्ष निर्णायक आहे. पहिले पाच अध्याय पैठणला आणि पुढचा भाग वाराणसीत झाल्याचे नाथांनी स्वतः नोंदविले आहे. ग्रंथसमाप्ती शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेची, म्हणजे इ.स. १५७३ ची आहे. त्याआधी शके १४९३ च्या रामनवमीस, इ.स. १५७१ मध्ये, रुक्मिणीस्वयंवर हे आख्यानकाव्यही वाराणसीतच पूर्ण झाले होते. तेव्हा नाथांचा काशीशी ग्रंथकार म्हणून आलेला संबंध दोन-अडीच वर्षांच्या कालावधीत पसरलेला आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

आक्षेपाचे स्वरूपही पाहिले पाहिजे. परंपरेच्या कथनात नाथांनी व्यासांचा अर्थ बिघडविला, असे कोणी म्हणत नाही. हा अर्थ कोणत्या भाषेत आणि कोणापर्यंत जावा, हा वादाचा मुद्दा आहे. म्हणजे येथे अनुज्ञा मागणारी संस्था मूळ ग्रंथकाराची प्रतिनिधी नाही. ती ग्रंथाच्या वाटेवर बसलेली राखणदार आहे. ज्याचे आहे त्याची परवानगी आणि जो अडवू शकतो त्याची परवानगी, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाथांनी दुसरीचा मान राखला, वाद टाळला नाही, काशीपर्यंत चालत गेले. परंतु लेखनाची न्याय्यता त्यांनी तिच्यावर अवलंबून ठेवली नाही. मराठीचा कैवार त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच घेतला आहे. आणि टीकेची रचना अशी ठेवली आहे की मूळ श्लोक कोणता व त्यावरील आपला विस्तार कोणता, हे वाचकाला प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसावे. काशीच्या महंताने अशी अट घातल्याची कथा नाही. ती शिस्त टीकापरंपरेकडून आलेली होती आणि नाथांनी ती मनापासून पाळली.

३. घरातील आक्षेप

काशीत मिटलेला प्रश्न पैठणच्या घरात पुन्हा उभा राहिला. नाथांचे पुत्र हरिपंडित संस्कृत विद्येत निष्णात झाले होते. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि सर्वांच्या घरी अन्न घ्यावे, हे त्यांना पटेना. ते घर सोडून काशीस गेले. पुत्राला परत आणण्यासाठी नाथांनी दोन अटी मान्य केल्या, असे चरित्रकार सांगतात: प्राकृत निरूपण बंद करावयाचे आणि परान्न घ्यावयाचे नाही. हरिपंडित संस्कृत पुराण सांगू लागले आणि श्रोते हळूहळू ओसरले. पुढे एका स्त्रीच्या घरच्या भोजनप्रसंगी चमत्कार घडून हरिपंडितांचा अभिमान गळाला, असा कथेचा शेवट आहे.

चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतील ताण खरा आहे. महंतापुढे उभे राहणे सोपे, कारण तेथे प्रतिपक्ष परका असतो. पुत्रापुढे नाथांनी काही काळ का होईना, मौन पत्करले. अनुज्ञा नाकारणारा माणूस नेहमी अधिकारपदावरचा असतो असे नाही. तो घरातला, आपलाच विद्यावंत असू शकतो. या प्रसंगी निर्णय कोणा पंडिताने दिला नाही. रिकाम्या झालेल्या श्रोतृस्थानांनी तो दिला.

४. ज्ञानेश्वरीचे संशोधन

आतापर्यंतच्या प्रसंगांत नाथांना अनुज्ञा देणारा किंवा नाकारणारा कोणी ना कोणी होता. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत असा कोणीही नव्हता. नेवासे येथे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाला नाथांच्या काळी जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून अपपाठ शिरले होते आणि कोणी कोणी आपल्या ओव्याही त्यात घातल्या होत्या. नाथांच्या अभंगगाथेत आणि चरित्रपरंपरेत या कार्याची प्रेरणा स्वप्नरूपाने आली आहे. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागल्याची व्यथा ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन सांगितली. नाथ आळंदीस गेले, त्यांनी समाधीचा शोध घेऊन ती मुळी दूर केली. या कथेचा आशय ग्रंथसंशोधनाला फार जवळचा आहे. कवीचा कंठ म्हणजे त्याचा पाठ. त्यावर वाढलेले मुळे दूर करणे म्हणजे प्रक्षेप काढणे. जो हयात नाही त्याची अनुज्ञा कशी मिळवावी, या प्रश्नाला परंपरेने दिलेले हे उत्तर आहे.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या भाद्रपदात, कपिलाषष्ठीच्या योगावर हे काम पूर्ण झाले. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या शेवटी नाथांनी मोजक्याच ओव्यांत आपली नोंद ठेवली. ग्रंथ मुळात शुद्ध होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला होता, आपण तो शोधून प्रतिशुद्ध केला, एवढेच ते सांगतात. यापुढे जो कोणी या ग्रंथात आपली ओवी घालील, तो अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवील, या आशयाची ताकीद तेथे आहे. ही ताकीद देणारा मनुष्य स्वतः हजारो ओव्यांचा कर्ता होता, हे विसरता येत नाही. भागवतटीकेत ज्याने मुक्त विस्तार केला, त्याने ज्ञानेश्वरीत स्वतःची सही ग्रंथाबाहेर, समाप्तीनंतर ठेवली. टीकाकाराचा अधिकार आणि संपादकाचा अधिकार यांतील भेद त्याने ओळखला होता. टीकाकार बोलू शकतो, कारण त्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. संपादकाने बोलू नये, कारण तो बोलला तर त्याचे बोल मूळ कवीच्या नावावर जमा होतात.

येथेच नाथांच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोणत्या प्रती त्यांनी मिळविल्या, कोणता पाठ कोठला, कोणत्या ओव्या का गाळल्या, याची नोंद त्यांनी मागे ठेवली नाही. परिणामी त्यांच्या संहितेमागे जाण्याचा मार्ग अभ्यासकांना सहज सापडत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एका जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हापासून नाथांच्या हाताने मूळ भाषा किती बदलली, हा वाद सुरू झाला. हा वाद नाथांच्या हेतूवर संशय घेणारा नसून नोंदीच्या अभावातून उत्पन्न झालेला आहे. दुसऱ्याच्या शब्दांशी प्रामाणिक राहणे पुरेसे नसते. आपण कोठे हात लावला हे दाखविणेही आवश्यक असते. पहिली गोष्ट नाथांनी केली. दुसरीची रीत त्यांच्या काळात रुळलेली नव्हती.

५. दुसऱ्याचा आवाज

परग्रंथाप्रमाणे परवाणीचाही प्रश्न नाथांच्या साहित्यात आहे. त्यांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, कैकाडी, महार असे अनेक जण प्रथमपुरुषी बोलतात. हिंदू आणि तुर्क यांचा संवादही त्यांनी रचला. येथे कोणताही लिखित ग्रंथ उसना घेतलेला नाही. बोली, वेष आणि व्यवसायाची परिभाषा घेतलेली आहे. ज्यांना धर्मपीठाच्या व्यवहारात बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या मुखातून अध्यात्म वदविणे हे सोळाव्या शतकात धाडस होते. नाथांनी ते व्यवहारातही निभावले, असे त्यांच्या चरित्रातील अनेक कथा सांगतात.

तरीही आजचा वाचक एक प्रश्न विचारील, आणि तो विचारणे योग्य आहे. ज्याचा आवाज घेतला त्याची अनुज्ञा कोठे आहे? नाथांच्या जोहारांत बोलणारा महार हा त्यांच्या अध्यात्माचा प्रवक्ता आहे. त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे त्यात किती आले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच भूमीत, गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'च्या पानांवर, दलित लेखकांनी स्वतःच्या अनुभवाचा उच्चार स्वतः केला. परवाणीच्या अधिकाराचा विचार त्यामुळे बदलला. नाथांचे मोल त्यामुळे उणावत नाही. मात्र सहानुभूतीने घेतलेला आवाज आणि स्वतः उच्चारलेला आवाज यांच्यातील सीमा स्पष्ट होते, आणि सीमा स्पष्ट असाव्यात हा तर नाथांच्याच संपादनाचा दंडक आहे.

६. अपुरा राहिलेला ग्रंथ

आयुष्याच्या अखेरीस नाथ भावार्थरामायण लिहीत होते. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत त्यांची रचना आहे आणि पुढील भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला, अशी परंपरा आहे. गावबा हा विद्वान म्हणून ओळखला जात नव्हता. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला भोळा मुलगा, असेच त्याचे चित्र रंगविले जाते. आपला ग्रंथ तो पूर्ण करील, असे नाथांनी सांगितले तेव्हा भोवतालच्यांना आश्चर्य वाटले, असे चरित्रकार लिहितात. दुसऱ्यांच्या ग्रंथांवर ज्याने आयुष्यभर लिहिले, त्याने आपला अपुरा ग्रंथ दुसऱ्याच्या स्वाधीन केला. देवगिरीच्या गुरूकडून मिळालेली अनुज्ञा येथे शिष्याला दिली गेली. आणि कोणता अध्याय कोणाचा याची स्मृती परंपरेने जपली, म्हणून दोन हातांतील फरक आजही चर्चिता येतो. नाथांच्या कन्येचा मुलगा मुक्तेश्वर याने पुढे महाभारतावर मराठी रचना केली, तेव्हा परग्रंथ मराठीत आणण्याची ही परंपरा घराण्याच्या तिसऱ्या पिढीत पोचली. १५९९ च्या सुमारास फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी पैठण येथे गोदावरीत देह ठेवला. ही तिथी नाथषष्ठी म्हणून पाळली जाते.

७. समारोप

नाथांच्या ग्रंथांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. त्यांची ओवी प्रबंधात उद्धृत करण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. परंतु एखाद्या आधुनिक संपादकाने लिहिलेली प्रस्तावना, अर्थ आणि टीपा यांवर त्याचा हक्क असू शकतो. समीक्षा वा संशोधनासाठी वाजवी प्रमाणात उतारा घेण्याची मुभा कायदा देतो, ती कर्त्याचा आणि ग्रंथाचा निर्देश करण्याच्या अपेक्षेसह. नाथांची ओवी आणि तिच्याखाली छापलेला संपादकाचा अर्थ एकाच पानावर असतात. अभ्यासक दोन्ही एकत्र उतरवून घेतो आणि त्यांतला फरक पुसला जातो. महाविद्यालयीन टिपणांपासून प्रबंधांपर्यंत ही गोष्ट घडते.

नाथांच्या चरित्रातून या बाबतीत जो निकष हाती येतो, तो असा की अनुज्ञा ही ग्रंथव्यवहाराची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. गुरूची आज्ञा होती म्हणून चतुःश्लोकीचे ऋण संपले नाही. काशीची मान्यता मिळाली म्हणून श्लोक आणि ओवी यांतील सीमा पुसावी, असे नाथांना वाटले नाही. जेथे विचारावयास कोणी उरलेच नव्हते, त्या ज्ञानेश्वरीपाशी तर त्यांनी स्वतःवर सर्वांत कठोर बंधन घातले. आणि जी नोंद त्यांनी ठेवली नाही, तिची उणीव पुढच्या चार शतकांच्या अभ्यासकांना भासली. परवानगीचे पत्र फाईलमध्ये लावून हे दुसरे काम टळत नाही. कोणता शब्द कोणाचा, हे वाचकाला दिसेल असे लिहिणे हे ते काम होय, आणि ते प्रत्येक अभ्यासकाला स्वतःच करावे लागते.